गायकवाड सरांची गोळी

औषध हातात घेतलं की गायकवाड सर आधी विचारत, "सुनंदा, ही आत जाऊन करते काय?" उत्तर मिळेपर्यंत ते दुकानाच्या पायरीवरून हलत नसत. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते, आणि शाळेत विज्ञान मला सरांनीच शिकवलं होतं.

नव्वदच्या दशकात, हार्ट अटॅकनंतर, त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. तेव्हा ती नवीच होती. मी म्हटलं, "सर, लिव्हर कोलेस्टेरॉल बनवतं. ही गोळी ते काम मंद करते. मग लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं."

"आणि बिघडवते काय?"

"क्वचित कुणाचे स्नायू दुखतात."

"क्वचित म्हणजे कुणाचे तरी दुखतातच की!" सर हसले.

त्या हिवाळ्यात खोकल्यासाठी ते दुसऱ्याच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. दुकानात गर्दी होती. मी अँटिबायोटिक काढून दिलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "जंतू मारते, सर," एवढं बोलून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आठवड्याने सरांच्या घरून काकू धापा टाकत आल्या. "अगं, यांना उठताच येईना. मांड्यांना हात लावू देत नाहीत. आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय."

मी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला. बारीक अक्षरांत त्याच अँटिबायोटिकचं नाव होतं, सोबत देऊ नये म्हणून. दोन्ही एकत्र घेतली की पहिली गोळी रक्तात साचते, स्नायू फुटू लागतात आणि त्यांतून सुटलेलं सगळं किडनीत अडकतं.

सरांना आम्ही रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे दोन्ही औषधांची नावं मीच सांगितली. तीनदा डायलिसिस झालं. सर वाचले, पण चालणं पूर्वीचं राहिलं नाही.

सर घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं.

"कागद वाचला नव्हतास?"

"नाही, सर."

"मला राग आलाय, खोटं कशाला बोलू? पण नोकरी सोडू नकोस. वाचत जा."

ती गोळी डॉक्टरांनी कायमची बंद केली. दीड वर्षाने दुसरा अटॅक आला आणि सर गेले.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी विचारलं, "सुनंदा, गोळी चालू असती तर हे राहिले असते का गं?"

त्या दोष देत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

"कदाचित, काकू," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि त्या माझा हात घट्ट धरून बसून राहिल्या.