चिन्नोरच्या वासाचं भेव

समुद्रपूर तालुक्यातल्या त्या खेड्यात लग्न कोणाचंही असो, भाताच्या गंजापाशी, त्या मोठ्या पातेल्यापाशी, कमलाबाईच. भाजीला दुसरी बाई चालेल, बुंदीला आचारी येईल, पण सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात दाणा न् दाणा मोकळा उतरवावा तो तिनेच. तिचा नवरा कवडू म्हणायचा, "हिच्या हातचा भात खाल्ला तं मेलेलं माणूस उठून बसंन." बाई तशी धीट. विंचू चिमट्यात धरून अंगणाबाहेर फेकणारी. अशा बाईची भाताने गाळण उडवली म्हटलं तर कोणी विश्वास ठेवील का? पण उडवली.

मागच्या हिवाळ्यात कापूस वेचून ती सांजेला शेताच्या बांधावरून, धुऱ्याने, परतत होती. कालवडीचा दोर हाताला गुंडाळलेला. नाल्याकडच्या झुडपांतून वास आला, थेट शिजत्या चिन्नोरचा. भूक तर लागलेलीच. "कोणाकडे पाहुणे आले बाप्पा?" असं ती म्हणते न म्हणते तोच झुडपातून वाघ सुटला आणि त्याने कालवड ओढली. दोर तळव्याची सालटी काढत निसटला. ओरडायला गेली तर दातखीळ बसलेली. घरी कशी पोचली ते तिला आजही सांगता येत नाही.

तळव्याची जखम भरली आणि बाई कामाला लागली. उन्हाळ्यात पहिल्याच लग्नात तिने गंजावरचं झाकण उचललं, वाफ नाकात शिरली आणि अंगाला कापरं सुटलं. भरलेल्या तळव्यात आग पेटली. समोर गंज, आणि काळीज म्हणतंय पळ. झाकण टाकून ती मांडवाबाहेर पळाली. भात करपला, पंगत ताटकळली.

"दुधानं तोंड पोळलं तं माणूस ताक फुकून पेते," बायका फिदीफिदी हसल्या, "ही तं भातालेच भेऊन राह्यली!"

पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. लाज तर वाटलीच, पण त्याहून मोठं भेव दुसरंच होतं. घरी चिन्नोर शिजवून पाहिला, तरी तेच कापरं. आपलं डोकं फिरून राह्यलं, या विचाराने तिची झोप उडाली.

मुलगी माधवी वर्ध्याला मानसशास्त्र शिकायची, सिंदी मेघेला खोली करून राहायची. सुट्टीत आली तेव्हा आईने रडत रडत तिला सगळं सांगितलं.

"आई, बादली वाजली का आपली म्हैस काऊन पान्हवते?" माधवीने विचारलं.

"सरकीची ढेप भेटते म्हणून."

"अन् बादली रिकामी असली तं?"

"तरी पान्हवते. तिले का मालूम रिकामी आहे म्हणून?"

"तसंच तुयं झालं. भाताच्या वासाले तू आधी कधी भेली का? नाई. पण वाघ आला तवाच तो वास बी आला. कोणाच्या घरी भात शिजत असंन, योगायोग झाला. तुया अंगानं दोघांची गाठ मारली. आता नुसता वास आला तरी अंगाले वाटते, वाघ आला. येडी नाई झाली तू. मारलेली गाठ सुटते बी. वास घेत राह्याचा. घेऊन घेऊन वाघ येत नाई, हे अंगाले कळू द्याचं."

मग तो उद्योग सुरू झाला. भाताची वाटी अंगणाच्या पार टोकाला, कमलाबाई उंबरठ्यात. वाटी थोडी जवळ आली की ती चौकट घट्ट धरायची, घामाने पदर भिजायचा. कापरं थांबेपर्यंत माधवी वाटी हलवायची नाही. सुट्टी संपत आली तेव्हा वाटी तिच्या मांडीवर होती. लग्नसराईतल्या शेवटच्या लग्नात ती पुन्हा गंजापाशी उभी राहिली आणि वाफेत तोंड घालून हसली. फिदीफिदी हसणाऱ्यांनी मुकाट्याने दोन-दोनदा भात मागून घेतला.

दिवाळीला माधवी आली. मायलेकी कापूस वेचून सांजेला त्याच धुऱ्याने निघाल्या. वास आला.

"माधवी, पाह्य न! चिन्नोर!" कमलाबाई थांबलीच. "अन् मले काईच होऊन नाई राह्यलं!" तिने डोळे मिटून छाती भरून वास घेतला. पोरीने टाळ्या पिटल्या. दोघी तिथेच उभ्या राहून हसल्या, पोट दुखेपर्यंत.

मग माधवीचं हसू विरलं. "आई, वारा तं नाल्याकडून येऊन राह्यला. तिकडे घर कुठं आहे?"

नाल्यापलीकडे नुसतं जंगल. तिथे चूल कोणाची? कमलाबाईच्या तळव्यात आग उठली.

"मांगं सरक," ती पुटपुटली. "पळू नको. पाठ दाखवू नको."

कापसाच्या पऱ्हाटीतून त्या उलट्या पावली सरकू लागल्या. माधवीच्या मुठीत आईचा पदर. झुडपात काहीतरी मोडलं, मग थांबलं, मग पुन्हा मोडलं, या वेळी जवळ. आपण वाचत नाही, असं कमलाबाईला वाटलं. आपलं जाऊ दे, पोरीचं काय? तिने माधवीला आपल्या मागे ओढलं आणि तशीच सरकत राहिली. सडकेवर बसचा उजेड दिसला तेव्हा दोघी तिच्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

सकाळी वनरक्षक महादेवराव आले. नाल्याकाठच्या बुंध्यावर ओरखडे होते, साल ओली होती.

"वाघ हद्द दाखवाले झाडावर मुताची धार मारते," ते म्हणाले. "तिचा वास असाच येते, शिजत्या भातासारखा."

माधवीला उन्हाळ्यातलं आपलंच बोलणं आठवलं. कोणाच्याच घरी भात शिजत नव्हता. योगायोग कसला नि काय!

जीव वाचला म्हणून सांजेला कमलाबाईने चिन्नोर रांधला. झाकण काढलं. तिला काही झालं नाही. माधवीच्या ताटात वाढला मात्र, पोरीचे हात लटलट कापू लागले. ताट लोटून ती अंगणात पळाली आणि खांबाला मिठी मारून बसली.

"आता तू बी तशीच वाटी ठेवून ठेवून हिचं भेव काढ," कवडू म्हणाला.

कमलाबाई गंजावर झाकण ठेवून उठली. "नाई काढत! भेव काढलं म्हणूनच तं माया जीव तिथं भात समजून हासत होता. संगं पोरगी होती, अन् मी डोळे मिटून उभी!"

तिने चुलीवर तवा टाकला, गरम भाकर केली, अंगणात नेली आणि एकेक घास पोरीच्या तोंडात घातला.

"भे, माये," ती तिला कवटाळून म्हणाली. "पोटभर भे."