तुळजाचाही मुलूख

तुळजा कुणाला भीत नसे, हे निजामपुऱ्यातल्या तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नळावर तिच्या हंड्यापुढे आपला हंडा सरकवायची कुणाची टाप नव्हती. अशा बाईला केसरीनाथ शेठने महिनाभर झुलवलं म्हणजे बघा!

शेठचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. लूमवर सगळे उत्तरेकडचे पुरुष, आणि कांड्या भरायला आपल्या इकडच्या बायका. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. ती संपली की लूम थांबतो आणि कारागीर ओरडायला लागतो. तुळजाने आठ वर्षं कांड्या भरल्या, पण तिच्या नावाने कुणी ओरडलं नाही. पगार मात्र तिच्या हातात कधी पुरता पडला नाही. दर गुरुवारी खर्चीला म्हणून शंभर-दोनशे मिळायचे, बाकीचे शेठकडे जमा. हे जमा पैसे एकदम चुकते करणं, याला कारखान्यात 'हिशेब' म्हणत. आणि हिशेब व्हायचा कधी? माणूस मुलखाला निघाला की! आझमगढचा, बस्तीचा कारागीर गव्हाच्या कापणीला किंवा घरच्या लग्नाला निघाला की शेठ मुकाट्याने नोटा मोजायचा. न मोजून करतो काय? तो माणूस गावात जाऊन बोंब मारणार, मग त्या गावातून पुन्हा एक कारागीर या कारखान्यात येईल तर शपथ.

कांडीवाल्या बायका पडल्या इथल्याच. कुणी वाड्याकडची, कुणी अकलोलीची. त्यांनी हिशेब मागितला की शेठ हसून म्हणायचा, "तुम्ही कुठं चालल्यात गो पळून? पैसं काय उडून जातात?" बायकाही हसायच्या आणि खर्ची पदराला बांधून घरी जायच्या. तुळजाही हसायची. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग आला.

झालं असं, की २००६च्या मार्चमध्ये अकलोलीहून निरोप आला. गरम पाण्याच्या कुंडांजवळ बाळाराम म्हाताऱ्याची टपरी होती. चहा, भजी, आणि आंघोळीला येणाऱ्यांना भाड्याने टॉवेल. म्हातारा थकला होता, लेकीकडे राहायला जाणार होता. तुळजा त्याच गावची, म्हणून त्याने आधी तिला विचारलं. "पाच हजार दे न् टपरी घे. पन चैत्र अवसेच्या यात्रेच्या आधी. नंतर मी थांबनार न्हाय, वसईवाला कवापासून मागं लागलाय."

तुळजाला रात्रभर झोप लागली नाही. शेठकडे तिचे सहा हजारांच्या वर जमा होते. दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं, तेही ताठ मानेने. "शेठ, माझा हिशेब करून ठेवा, आठ दिवसांनी येते."

आठ दिवसांनी गेली तर पार्टीचं पेमेंट अडकलं होतं. पुढल्या खेपेला म्हणे वीज नव्हती, माल तसाच पडून होता. एकदा ती थेट शेठच्या घरी गेली. शेठाणी दारात येऊन म्हणाली, "शेठ गावाला गेल्यात." आणि तेवढ्यात आतून शेठ खोकला! शेठाणी लाजेने लाल झाली. तुळजा म्हणाली, "गावाहून आले की त्यांना खोकल्याचं औषध द्या," आणि तरातरा निघून आली. पण जिना उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. यात्रा दहा दिवसांवर आली होती.

अखेर शेठ कारखान्याच्या दारातच सापडला. तोही वैतागला होता. "हे बघ तुळजे, आपल्या कारखान्याचा नियम तुला माहीत हाय. मुलखाला जाणाऱ्याचा हिशेब आधी. गुरुवारी लोकं निघाल्यात, त्यांचं झालं की तुझं बघू."

घरी नवरा दामू भाकरी मोडत बसला होता. पूर्णा गावच्या गोदामात तो हमाली करायचा. पाठीवर दीड मणाचं पोतं सहज घ्यायचा, पण मुकादमाने डोळे वटारले की त्याची बोबडी वळायची. "जाऊ दे ना गं," तो म्हणाला. "मोठा मानूस हाय. दिवाळीपतूर देल."

"दिवाळीला काय टपरी माझ्यासाठी थांबनार हाय?" तुळजा कडाडली. मग एकाएकी खुदकन हसली. "मुलखाला जानाऱ्याचा आधी, असं म्हनला शेठ. त्याच्या तोंडानं म्हनला."

"मग?"

"मग काय! माझी पेटी काढ फळीवरून."

गुरुवारी संध्याकाळी लूम बंद झाले आणि कारागीर ओळीने उभे राहिले. प्रत्येकाच्या पायाशी पेटी, वळकटी, पोरांसाठी घेतलेली खेळणी. शेठ खुर्चीवर, शेजारी हिशेबाची वही घेऊन मेहताजी. दोन माणसं झाली, तिसरा पुढे सरकला, आणि शेठने मान वर केली तर ओळीत तुळजा! नवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी. तिच्या मागे दामू, चार पावलं लांब, जणू या बाईला ओळखतच नाही.

"ही काय नाटकं गो?" शेठ म्हणाला.

"मुलखाला चाललेय शेठ. हिशेब करा."

"कुठल्या मुलखाला?"

"अकलोली."

सगळा कारखाना हसला. मेहताजी तर चष्मा काढून डोळे पुसायला लागला. शेठही पोट धरून हसला. "अगो, अकलोलीला तर माणूस चहा पिऊन परत येतो! तो काय मुलूख हाय?"

तुळजाने पेटी खाली ठेवली. ती हसली नाही. "यांचा मुलूख लांब, माझा जवळ. जवळ असला म्हनून माझा न्हाय का? माझी आई तिथं वारली, बाप तिथं वारला. शेठ, नियम तुमचाच हाय. मुलखाला जानाऱ्याचा आधी. का हा नियम फक्त लांबच्यांना हाय? तसं असंल तर सगळ्यांच्या समोर सांगा. जवळच्याचं आपन बुडवतो, असं सांगा. ही मी चालले."

हसू थांबलं. पुढे उभे असलेले आझमगढचे चाचा, शेठचे सगळ्यात जुने कारागीर, हातातल्या नोटा मोजता मोजता थांबले. "सेठ," ते सावकाश म्हणाले, "हिसाब कर दो इसका. आज इसका रुका, तो कल हमारा भी रुक सकता है." मागून दोघा-तिघांनी "हाँ, हाँ" केलं.

शेठ कात्रीत सापडला. पुढच्या महिन्यात हीच माणसं परत यायला हवी होती, आणि येताना आणखी चार घेऊन. त्याने मेहताजीकडे पाहिलं, मेहताजीने छताकडे पाहिलं. "दे हिचं," शेठ गुरगुरला. मग सवयीने म्हणाला, "एका पंधरवड्याचं राहू दे मात्र. परत कामाला आलीस की घे. सगळ्यांचंच ठेवतो आपण."

"सगळे परत येनार हायत. मी न्हाय येनार."

शेठने तिच्याकडे टक लावून पाहिलं. आठ वर्षांत पहिल्यांदाच पाहत असावा. मग त्याने स्वतःच्या खिशातून त्या पंधरवड्याच्या नोटाही काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. "जा बाय," म्हणाला, "यात्रेला आलो तर चहा पाज."

"या की! पैसं घेईन पन."

यावर पुन्हा सगळे हसले, आणि या वेळी तुळजाही पोटभर हसली.

यात्रेच्या दिवशी तुळजाच्या टपरीला उसंत नव्हती. दामूने गोदामातून सुट्टी घेतली होती. पहाटेपासून तो पाणी वाहत होता, कांदे चिरत होता, ओले टॉवेल पिळून वाळत घालत होता. दिवस मावळला, गर्दी पांगली. तुळजाने गल्ला मोजला, त्यातल्या दोन नोटा काढल्या आणि दामूपुढे धरल्या.

"हे काय?"

"तुझी मजुरी."

"येडी का काय तू? बायको कुठं नवऱ्याला मजुरी देते?"

"दिवसभर राबलास ना? मग घे. माझ्याकडं कुनाचं उद्यावर जात न्हाय."

दामूने कांद्याचे हात लेंग्याला पुसले, आणि नोटा घेऊन दोनदा मोजल्या.