आठ खुणांची पट्टी

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई — बायकोपाशीबी न्हाई. आज तुम्हालाच सांगून राह्यलो.

पन्नास वर्षं होत आली. भोकरदनला एका डॉक्टरांकडं मी कंपाउंडर होतो. बाजारात पायली कमी भरली की गिऱ्हाईक जाग्यावर भांडतं. कापड वीतभर कमी आलं तरी बाया हातानं मोजून परत आणतात. पण औषधाचं माप? बाटलीवर आम्ही कागदाची पट्टी चिकटवायचो, तिला खाचा पाडलेल्या. एक खूण म्हणजे एक डोस. पट्टी तीनदा दुमडली की आठ भाग, दोनदा दुमडली की चार. आमच्या मापावर कोण भांडणार?

केदारखेड्याची एक बाई वर्षाचं खोकणारं पोर घेऊन आल्ती. औषधात गुंगीचा अर्क होता, म्हणून डॉक्टरांनी आठ डोस बजावून सांगितले. त्या दिवशी गर्दी — जाऊ द्या, गर्दीचं काय सांगू? मी पट्टी दोनदाच दुमडली.

दुसऱ्या दिवशी ती पळतच आली. पोर जागं होईना, ओठ निळे. डॉक्टर त्याला घेऊन आत गेले, बाटली तिनं माझ्या हातात दिली. मी खुणा मोजल्या. चार. परत मोजल्या — चारच. म्हणजे एकेक डोस दुप्पट. मी भ्यालो. पोरासाठी का? न्हाई हो, माझ्यासाठी. मोरीवर जाऊन मी पट्टी खरवडून काढली, बाटली धुतली.

डॉक्टरांनी विचारलं, किती दिलं? ती म्हणाली, एकेकच खूण. मी म्हणालो, आठ खुणा होत्या साहेब, हिनं दोन-दोन दिल्या असतील. डॉक्टरांना माझंच खरं वाटलं. दुपारी पोर गेलं.

सासरचे तिला काय काय बोलतात, ते केदारखेड्याचे पेशंट सांगायचे. मी मान खाली घालून गोळ्या मोजायचो. दारात खाकी कपडा दिसला की मी आतल्या खोलीत सरकायचो. पण माझ्यासाठी कुणी आलंच न्हाई.

दोन वर्षांनी ती आली. कडेवर तान्ही लेक. औषध मागितलं न्हाई. म्हणाली, "भाऊ, मागल्या बारीला मला मोजता आलं न्हाई. मला खुणा मोजायला शिकवा."

मी पट्टी कापून तिच्यापुढं ठेवली. ती एकेका खाचेवर बोट ठेवत गेली, मी आकडे म्हणत गेलो. आठ झाल्यावर ती थांबली. "मला तवा चारच दिसल्त्या."

मी म्हणालो, "होतं असं, बाई."