जुन्या रुईचा आळ

भद्रावतीहून माजरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खुर्शीदभाऊचं गाद्यांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचा पिंजारी. हाताला वेग कमी, पण लबाडी शून्य. सांगितल्यापेक्षा मूठभर रुई जास्तच भरेल असा माणूस. आणि नेमका त्याच्यावरच जुनी रुई भरल्याचा आळ आला. पिंजाऱ्याला याहून मोठी शिवी नाही.

आळ घेतला गल्लीतल्या दुर्गाबाईंनी. बाईच्या जिभेला हाड नव्हतं. गादी बसली म्हणून त्यांनी कोपरा उसवला, तर आत राखाडी रुई. भर बाजारात ओरडल्या, "भाऊ, नवी म्हणून जुनी भरली तुमी!"

"बाई, खुदा कसम, रुई नवीच होती. हा कोळसा हाय."

"रुईत कोळसा? मले येडी समजता का?"

खरं तर तो खरंच बोलत होता. माजरीकडच्या खाणींचा कोळसा ट्रकांनी स्टेशनापर्यंत जायचा, दिवसभर, दुकानाच्या उंबऱ्याला घासून. ओसरीवर पिंजलेली पांढरी रुई दुपारपर्यंत राखेच्या रंगाची व्हायची. खुर्शीदभाऊनं ओली पोती टांगून पाहिली. धूळ थोडी थांबली, पण रुई दमट झाली आणि गाद्यांना कुबट वास येऊ लागला. आगीतून निघून फुफाट्यात! गिऱ्हाईक वरोऱ्याकडे वळलं. बायको सुलताना म्हणाली, दुकान हलवू या. तो म्हणाला, हा आळ घेऊन मी कुठंही जाणार नाही.

चार वर्षांनी, अठ्ठ्याण्णव साली, खाणींपर्यंत रूळ आले, कोळसा तिथंच मालगाडीत भरला जाऊ लागला आणि दारावरचे ट्रक थांबले. रेल्वेत पॉइंट्समन असलेला भाचा रईस सांगायचा, "मामू, एका गाडीत साडेतीनशे ट्रकचा माल जाते. तेवढं डिझेल जळत नाई, तेवढी धूळ उडत नाई." खुर्शीदभाऊला आकड्यांचं कौतुक नव्हतं. दारातला कडुनिंब पुन्हा हिरवा दिसतो आणि सुलताना खोकल्याविना झोपते, एवढं त्याला कळत होतं.

थंडी पडली तशी दुर्गाबाई तीच गादी घेऊन आल्या. "माह्यासमोर पिंजा," म्हणून ठाण मांडून बसल्या.

त्यानं चादर अंथरली, पिंजणाच्या धनुकलीची ताणलेली तात घुमू लागली. रुई फुलत गेली आणि खाली चादरीवर काळी भुकटी साचू लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर. दुर्गाबाईंनी ती बोटांवर चोळली. माजरीकडच्या बाईला कोळसा ओळखायला कोण शिकवणार? वर पांढऱ्या, लांब धाग्याच्या रुईचा ढीग झाला होता.

"हे तवाच काऊन नाई दाखवलं, भाऊ?"

"तवा जेवढा कोळसा झडे तेवढाच पुन्हा बसे, बाई. आता नवा येतच नाई."

दुर्गाबाई उठल्या. मग दारात जाऊन त्याच आवाजात ओरडल्या, "माहीच चूक झाली होती! भाऊची रुई नवीच होती!"

खुर्शीदभाऊनं मान खाली घालून हात चालू ठेवला. चार वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरलं होतं. डोळे भरून आले, आणि या वेळी तर धुळीचं निमित्त सांगायचीही सोय राहिली नव्हती.