ए ड्राइव्ह तयार नाही

तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात पत्रा कापायचं एक जुनं मशीन आहे. त्याचा कॉम्प्युटर अजून डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर आणि फ्लॉपीवर चालतो. डॉस इथे फक्त मलाच कळतं, असं मी मालकांना कायम सांगत आलो. परवा मशीन अडलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. ती न वाचताच मी पुन्हा प्रयत्न करायचं 'आर' बटण दाबलं. ओळ परत आली. तासभर मी 'आर' दाबत राहिलो आणि शेवटी मशीन मेल्याचं जाहीर केलं.

मालकांनी भंगारवाल्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेल्या. ताप बघावा तसा त्यांनी मशीनवर तळहात ठेवला आणि पडद्याकडे बोट केलं.

"काय लिवलंय त्याच्यावर?"

"एरर आहे, मावशी."

"ते झालं. पन सांगतंय काय?"

मी पहिल्यांदाच ओळ नीट वाचली. "ए ड्राइव्ह तयार नाही, म्हणतंय."

"मंग का तयार नाय, ते बगा की!"

मी वाकून बघितलं. फ्लॉपी आत होती, पण ड्राइव्हची खिट्टी उघडीच होती. सकाळी मीच ती लावायला विसरलो होतो. खिट्टी फिरवून 'आर' दाबलं आणि मशीन सुरू झालं.

हातचं भंगार गेलं तरी बाई हसल्या. "चालतंय त्याला भंगार कसं म्हनू?" असं म्हणून कोपऱ्यातले रद्दी पुठ्ठे तेवढे उचलून गेल्या. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

मशीनचा आवाज ऐकून मालक ऑफिसातून धावत आले, माझी पाठ थोपटली. "कसं काय जमवलंत?"

"अनुभव, साहेब," मी म्हणालो.