रस्त्यात आडवा धरलेला फेटा

आमच्या उम्म तलहा गावच्या क्लबात हमदुन्नील हाजीएवढा खमका सभासद दुसरा नव्हता. कालव्यातला गाळ काढायचा असो, शाळेवर पत्रे चढवायचे असोत की कुणाची कबर खणायची असो, फावडं घेऊन हा पुढे. पण त्याचं खरं काम रमजानातलं. सूर्य बुडायच्या वेळी आम्ही हमरस्त्याच्या कडेला चटया अंथरतो आणि अजान झाली की दोघं जण फेटा सोडून रस्त्यात आडवा धरतात. जेवल्याशिवाय बस पुढे जात नाही. एक टोक कायम हाजीच्या हातात, दुसरं माझ्या.

"उतरा खाली!" हाजी ड्रायव्हरवर डाफरायचा. "घाई मेल्यावर करा!"

परक्यांना असं दमदाटी करून जेवू घालणाऱ्या या माणसानं पोटच्या पोराला मात्र जेवणावरूनच तोडलं होतं.

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर हाजीची बायको सित्तना वारली. मुलगा मुदस्सिर पोर्ट सुदानच्या बसवर ड्रायव्हर. त्याला निरोप उशिरा मिळाला. तो पोचला तेव्हा माती होऊन गेली होती आणि मांडवात ताटं वाढली जात होती. हाजीच्या जिभेला हाड नाही. सगळ्यांसमक्ष म्हणाला, "जेवायला बरा वेळेवर आलास!" पोरगा आल्या पावली परत फिरला.

तेव्हापासून त्याची हिरवी बस अजानच्या जरा आधी भरधाव निघून जायची. अजानच्या आधी फेटा धरायचा नाही, हा आमचा रिवाज. हाजी टोक हातात घेऊन धुळीकडे बघत राहायचा. मला ते बघवत नसे.

यंदा याच रस्त्यावरच्या पुढच्या हिल्लत बशर गावचा अल-दाऊ मुद्दाम खिजवायला आला. त्यांच्या क्लबाची आणि आमची चुरस जुनी.

"तुमचा मुदस्सिर आमच्या चटईवर जेवतो, हाजी. आमचंच अन्न गोड लागतं त्याला."

मी उसळलो, पण हाजीनं एवढंच विचारलं, "पोटभर जेवतो का?"

अल-दाऊचा आवाज उतरला. "जेवतो. हिलू-मुर मात्र एक घोट घेऊन ठेवून देतो. म्हणतो, आमच्या घरच्यासारखं नाही."

हिलू-मुर म्हणजे मोड आलेल्या ज्वारीचे मसाला घालून भाजलेले पापडासारखे पापुद्रे. पाण्यात भिजवले की रोजा सोडायचं आमचं पेय तयार होतं. प्रत्येक घराची चव वेगळी. सित्तनानं जाण्याआधी भाजलेले शेवटचे पापुद्रे हाजीनं डब्यात जपून ठेवले होते. कधी झाकण उघडून नुसता वास घेई.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भरलेली घागर खांद्यावर घेऊन हिल्लत बशरच्या वाटेला लागलेला मला दिसला.

"डोकं फिरलं का?" मी आडवा आलो. "त्यांच्या चटईवर आपल्या घरचं? क्लबाचं नाक कापशील!"

"बाबिकर, नाक तुझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "मला वाट दे."

घागर ठेवून, नाव सांगू नका म्हणून बजावून, बस यायच्या आत तो परतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी हिरवी बस लांबूनच हळू झाली आणि आमच्या चटयांपाशी थांबली. अजान अजून व्हायची होती. मुदस्सिर खाली उतरला. त्याच्या हातात रिकामी घागर होती.

"आबा, हे आईच्या हातचं होतं."

"हो."

"उरलंय?"

"नाही. होतं तेवढं सगळं तिथे नेलं."

"सगळं? त्या परक्या लोकांत?"

"तू तिथे जेवायचास ना रे," हाजी म्हणाला. "मग कुठे नेऊ?"

अजान सुरू झाली. हाजीनं फेटा सोडला, एक टोक माझ्या हातात कोंबलं आणि उभ्या बससमोर जाऊन तो ताणून धरला.

"आबा, बस उभीच आहे," मुदस्सिर म्हणाला.

"असू दे. मला धरू दे." हाजीनं टोक आणखी ओढलं, माझ्या हाताला त्याचा हिसका बसला. "जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही."

मुदस्सिर चटईवर बसला. प्रवासी उतरले. माझ्या घरच्या हिलू-मुरचा पेला मीच त्याला दिला. एक घोट घेऊन त्यानं तो खाली ठेवला.

"आईच्यासारखं नाही."

"नाही," हाजी म्हणाला. "आता कुठलंच नसणार." त्यानं तो उष्टा पेला उचलला, अर्धा स्वतः प्यायला आणि उरलेला पोराच्या हातात दिला. या वेळी पोरानं तो संपवला.