पांढऱ्या पाटीवरचं बोट

वासंतीच्या भाच्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातून येऊन चहा टाकत होते. "मावशी गेली," एवढंच तो बोलला. मी त्याच्यावरच खेकसले, काल तर माझ्याशी भांडली की ती... काही आठवडे झाले, तरी माझा राग काही गेलेला नाही. भांडायला इतकं तोलामोलाचं माणूस अख्ख्या कोल्हापुरात मला आता मिळायचं नाही.

भूगोल विभागात आमची टेबलं शेजारी-शेजारी. मी नद्या-डोंगर शिकवायची, ती विमानातून टिपलेल्या चित्रांवरून पिकांची तब्येत सांगायची. साधा कॅमेरा प्रकाशाचे तीन रंग टिपतो. तिचा हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच प्रकाशाचे शेकडो बारीक पट्टे वेगळे करायचा, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणसुद्धा. माती, पाणी, पान, प्रत्येक गोष्ट हे पट्टे आपापल्या परीनं परत फेकते आणि आलेखावर तिची रेघ उमटते. आजारी माणसाचा चेहरा उतरतो, तशी रोगट पानाची रेघ उतरते, आणि तीही पान पिवळं पडायच्या आधी. या 'आधी'चा वासंतीला भारी अभिमान होता.

गडहिंग्लजजवळ शिवाप्पा नावाच्या शेतकऱ्याचा बेण्याचा, म्हणजे लावणीसाठी राखलेला, ऊस होता. आसपासची गावं त्यातूनच नवी लावणी करणार होती. वासंतीच्या नकाशात त्या मळ्याचा मोठा पट्टा लाल आला, म्हणजे रोगाचा संशय. ऊस ठेवला तर रोग गावोगाव जाणार, म्हणून कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी तो उपटून जाळायचं ठरवलं. जमिनीवरची पडताळणी तेवढी उरली होती, त्यासाठी मीही तिच्याबरोबर गेले. ट्रॅक्टर बांधावर येऊन थांबला होता.

"अक्का, रोज बघतोय मी. रोग न्हाय त्यात," शिवाप्पा म्हणाला. पण डोळ्यांना दिसायच्या आत रोग पकडते ही तिची ख्याती, मग त्याच्या डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार? वासंती यंत्र काढून सरळ उसात शिरली. मला इतका संताप आला तिचा!

तिच्या हातातलं यंत्र पानाचा प्रकाश मोजायचं. आधी शुभ्र पांढऱ्या पाटीवर धरून ते जुळवायचं, मग पानावर. त्या पाटीला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. शेजारच्या कपड्यांचा उजेड पानावर पडू नये म्हणून आम्हा सगळ्यांना ती गडद कपड्यांत आणायची. ऊन मात्र लख्ख हवं, आणि त्या दिवशी अवकाळी ढग चढत होते. अधिकारी सारखे आभाळाकडे बघत होते. पहिली रेघ उतरलेली आली, दुसरीही.

तेवढ्यात वासंती कडाडली, पाटीला हात कुणी लावला? पाटीवर काळं बोट उमटलं होतं. मग तिनं स्वतःची बोटं बघितली. काळी. पानं धरून धरून झालेली... तिनं मान वर केली. शेजारच्या गुऱ्हाळाचं धुराडं धूर ओकत होतं. त्याची काजळी पानांवर बसून उजेड गिळत होती. हंगामात काजळी आमच्याकडे तुळशीवर असते, दांडीवरच्या कपड्यांवर असते, त्या काजळीकडे बघतो कोण? आम्ही सगळे इथलेच, म्हणूनच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तिनं ओढणी भिजवून पानं पुसली. तोवर सूर्य ढगाआड गेला. अधिकारी म्हणाले, पुरे झालं, ट्रॅक्टर घालू. वासंती सरीतच उभी राहिली, आधी माझ्यावरून घाला म्हणाली. ऊन आलं, यंत्र चाललं, रेघ निरोगी पानासारखी वर गेली. आणखी पानं पुसली, तरीही वरच.

अधिकाऱ्यांनी हळूच सुचवलं, मॅडम, हे ऑफिसात बोलू. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नकाशा चुकलाय. मी काढलाय, मीच चुकलेय." मग शिवाप्पाकडे जाऊन तिनं हात जोडले. तो लहान मुलासारखा रडला, आणि मीही.

त्यानंतर ती नकाशावर आधी पेन्सिलीनं सही करू लागली. शेतात जाऊन आल्याशिवाय त्यावर शाई फिरवायची नाही. राधानगरीकडच्या भाताचा तिचा शेवटचा नकाशा आता माझ्या टेबलावर आहे. सही पेन्सिलीचीच. शोकसभेत तो तिच्या नावानं प्रसिद्ध करू, असं विभागात सगळ्यांचं म्हणणं. मी नाही म्हणाले, आवाज चढवूनच. उद्या तिचं यंत्र घेऊन मी शेतात जातेय. नकाशा बरोबर निघाला, तर तिच्या सहीखाली शाईनं माझी करीन. चुकला, तर भर शोकसभेत उठून सांगेन, वासंतीचा नकाशा चुकला. तिच्यासाठी याहून चांगलं भाषण मला येत नाही.